फ्लेक्सवरचा पाणबुड्या

चार दिवसांचा कोर्स मी सव्वीस दिवस केला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कसबा बावड्यात ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकण्याआधीच लोकांनी तिला फाटे फोडले आहेत. कुणी म्हणतं, मी समुद्रात वाहून गेलो होतो. कुणी म्हणतं, तिकडं दुसरा संसार थाटला होता. दोन्ही खोटं. मी नापास होत होतो.

माझं नाव कृष्णात. वय सत्तेचाळीस. थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत, पण पंचक्रोशी मला ओळखते ती फुटबॉल काढणारा म्हणून. खेळायचा नव्हे. पंचगंगेतून शेतीला पाणी उचलणाऱ्या मोटारीचा पाइप नदीत सोडलेला असतो. त्याच्या तळातल्या टोकाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला आम्ही फुटबॉल म्हणतो. जलपर्णी, पिशव्या, जुनी लुगडी असं काहीबाही येऊन त्याला गुंडाळतं आणि पाणी बंद पडतं. मग कृष्णातला हाक. मी एक दम भरतो, पाइप धरून खाली जातो, चाचपतो, सोडवतो, वर येतो. नळी नाही, चष्मा नाही. तीस वर्षं हेच.

यंदा आमच्या पाणीपुरवठा संस्थेत नवा चेअरमन आला, विजयसिंह. शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला खुर्ची मिळाली की तो आधी एक नियम काढतो.

"दादा, तुमच्यावर भरोसा हाय की," तो म्हणाला. "पण विमावाल्यास्नी कागद लागतोय. पाण्याखाली जाणाऱ्याकडं पाणबुड्याचं कार्ड पायजे. अक्षयतृतीयेपास्नं कार्ड न्हाय त्यानं उतरायचं न्हाय. पुण्याची एक पार्टी तयार हाय."

पुण्याची पार्टी. माझ्या नदीत. ज्या नदीचा तळ मला माझ्या परड्यापेक्षा जास्त पाठ आहे, तिच्या काठावर मी हात बांधून उभा राहायचं आणि पुण्याच्या पोरांनी फुटबॉल काढायचा. मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि मी जेवलो नाही म्हटल्यावर माझ्या बायकोनं, संयोगितानं, हालचाल सुरू केली.

आमच्याकडं कुठलंही काम ओळखीनं होतं. समुद्राखाली जायचं तरी ओळख लागतेच. अकरा वर्षांपूर्वी जोतिबाच्या डोंगरावर एकाच दुकानात नारळ घेताना संयोगिताची संकेश्वरच्या बसम्माशी ओळख झाली होती. नारळ दोघींचेही नासके निघाले आणि दोघींनी मिळून दुकानदाराला धुतला. तेव्हापासून त्या बहिणी-बहिणी. या बसम्माची मुलगी पवित्रा अंदमानात पाणबुडेगिरी शिकवते, हे संयोगिताला माहीत होतं. मला फक्त तिकीट दाखवण्यात आलं.

चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढं तीन दिवस जहाज, मग आणखी एक बोट. सरकारी कागदावर त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप, बोलण्यात सगळे हॅवलॉक म्हणतात. नारळी, सुपारी, गरम वारा, आणि पाणी असं स्वच्छ की बोटीतून तळातले खडे मोजावेत. मला ते पाणी पहिल्या नजरेतच आवडलं नाही. पाण्यानं इतकं उघडं असू नये.

पवित्रा सव्वीस वर्षांची, काळीसावळी, उन्हानं केस तांबडे झालेली. "या मामा," म्हणाली, आणि हातात एक फॉर्म दिला. त्यात प्रश्न होता, तुम्हाला पोहता येतं का. मी लिहिलं, बावड्यात विचारा.

पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात धडा होता. पाठीला टाकी, तोंडात नळी, डोळ्याला मोठा चष्मा, पायात बदकासारखे फिन्स. माझ्याबरोबर इंदूरचं एक नवं जोडपं होतं, दोघंही भीतीनं पांढरे पडलेले. मला त्यांची दया आली. पवित्रानं खूण केली, आम्ही खाली बसलो. मी सवयीप्रमाणं दम धरला, डोळे मिटले आणि निवांत झालो. पुढच्याच क्षणी कुणीतरी माझं बखोट धरून मला वर ओढलं.

"मामा, काय झालं? बेशुद्ध पडलासा काय?"

"मी? मी निवांत बसलोय की."

"मग श्वास का घेत न्हाईसा? डोळे का मिटलासा?"

"पाण्यात कोण श्वास घेतंय?"

तिनं माझ्या तोंडातली नळी हातात धरून मला दाखवली. "ही कशाला दिलिया मग?"

बरोबर होतं तिचं. नळी तोंडात असून श्वास न घेणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परत येणं. शिवाय तिनं सांगितलं की टाकीची हवा घेऊन दम धरून वर आलं तर फुप्फुस फाटतं. फाटण्याची गोष्ट निघाल्यावर मी दोन दिवसांत श्वास घ्यायला शिकलो. पण डोळे उघडेनात.

उघडायचे नाहीत असं माझ्या मनात नव्हतं. वर असताना मी ठरवायचो, आज उघडायचे. पाणी डोक्यावरून गेलं की पापण्या आपोआप खाली यायच्या, दुकानाचं शटर पडावं तशा. आणि डोळे मिटले की माझे हात कामाला लागायचे. तिसऱ्या दिवशी मी दोरी चाचपत होतो, हाताला एक पट्टा लागला. पाइपला काही गुंडाळलेलं लागलं की सोडवायचं, ही तीस वर्षांची सवय. मी सोडवलं. शेजारीच दुसरा पट्टा लागला, तोही सोडवला. वर आल्यावर कळलं की मी इंदूरच्या नवरदेवाचे दोन्ही फिन्स काढून घेतले होते. तो माणूस पाण्यात जागच्या जागी सायकल मारत होता आणि त्याची बायको चष्म्यात पाणी जाईपर्यंत हसत होती.

चौथ्या दिवशी ते दोघं पास होऊन गेले. जाताना नवरदेवानं माझ्याशी हात मिळवला, पण पाय जरा लांब ठेवून.

"मामा, तुमचं सगळं चांगलं हाय," पवित्रा म्हणाली. "पण खाली मी खूण केली तर तुम्हाला दिसणार कशी? वर चला म्हणलं, थांबा म्हणलं, हवा संपली म्हणलं, तुम्ही आपलं समाधी लावून बसणार. डोळे उघडल्याशिवाय कार्ड न्हाय."

"माझ्या नदीत डोळे उघडून काय दिसत न्हाय, पोरी. सगळा गाळ. तिथं हातच डोळं."

"कार्डावर फक्त तुमची नदी लिहिलेली नसती."

पाचव्या दिवशी संयोगिताचा फोन आला. ती फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते. किनाऱ्यावरचे सगळे वळून बघायला लागले.

"आवं, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय."

"कसला?"

"अभिनंदनाचा. तालमीच्या पोरांनी लावलाय. तुमच्या डोळ्याला निळा चष्मा चिकटवलाय, मागं डॉल्फिन हाय. वर लिवलंय, आंतरराष्ट्रीय पाणबुडे कृष्णातदादा. खाली चौदा जणांचं फोटो हायत."

"अगं, पण मी पास कुठं झालोय?"

"चार दिवसांचा कोर्स म्हणालतासा न्हवं? चार दिवस झालं की."

आमच्याकडं निकालाची वाट बघत बसायची पद्धत नाही. फ्लेक्स एकदा लागला की तो वाऱ्यानं फाटेल तेव्हाच उतरतो, आणि बावड्यात मार्च-एप्रिलमध्ये वारा नसतो. म्हणजे आता मी कार्डाशिवाय परत गेलो तर स्वतःच्याच बत्तीस दातांच्या फोटोखालून घरी जावं लागणार होतं. चेअरमन विजयसिंहाचाही फोटो त्या चौदा जणांत होता, हे मला नंतर कळलं.

मी बसम्माला फोन लावला. म्हटलं, तुमच्या पोरीला जरा सांगा, घरचं माणूस आहे. बसम्मा म्हणाली, आत्ता सांगते. संध्याकाळी पवित्रा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"आईला फोन केलतासा?"

"सहज. खुशाली विचारायला."

"आई म्हणली, मामाला पास कर. मी म्हणलं, मामा खाली मेला तर तू येतीस काय उत्तर द्यायला? मग आईच म्हणली, नापास कर."

ओळखीनं काम न होण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मला तिचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा आदरही वाटला.

मग मी तिथंच राहिलो. दर चार दिवसांनी नवी माणसं यायची, बंगाली, गुजराती, एकदा तर मिरजेचे डॉक्टर आले. भिऊन उतरायची, हसत वर यायची, कार्ड घेऊन जायची. मी त्यांना उतरण्याआधी धीर द्यायचो आणि गेल्यावर टाटा करायचो. शाळेत एकाच वर्गात चार वर्षं बसलेला मुलगा नव्या पोरांना मास्तरांच्या खोड्या समजावून सांगतो, तसं माझं झालं होतं. बसून खाणं जमत नाही म्हणून मी टाक्या भरायचं मशीन चालवायला घेतलं. त्याचा आवाज ऐकूनच सांगितलं की वॉशर गेलाय. वॉशर बदलला तर मशीन गप गार चालायला लागलं. तेव्हापासून मला सकाळी चहा आधी मिळायला लागला. मी बोटवाल्यांना दोरांना आमच्या वैरणीच्या गाठी मारायला शिकवलं. बेटावरची माणसं मला "पाजी" म्हणायला लागली. मी पंजाबी नाही हे सांगून थकलो, मग ओ द्यायला लागलो.

सगळं जमत होतं. फक्त पाणी डोक्यावरून गेलं की शटर खाली.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरामागं बादली भरून घेतली, गुडघ्यावर बसलो आणि डोकं आत घातलं. डोळे टक्क उघडे. बादलीचा निळा तळ दिसला, कंपनीचं नाव उलटं दिसलं, एक मेलेली मुंगी दिसली. मी परत परत करून बघितलं. अगदी लख्ख. आनंदात डोकं वर काढलं तर पवित्रा हातात चहा घेऊन उभी.

"किती वेळ बघतीया मी," ती म्हणाली. "बादलीत उघडतात की."

"मग. आज समुद्रात बी उघडतो का न्हाय बघ."

त्या दिवशी समुद्रात नाही उघडले. तेविसाव्याला नाही, चोविसाव्यालाही नाही. पंचविसाव्या दिवशी बोटीवर मी टाकी उतरवत होतो. परतीचं जहाज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं आणि त्याच्या पुढचं अक्षयतृतीयेनंतर. पवित्रा माझ्या शेजारी येऊन बसली. बोटवाला लांब टोकाला होता.

"मामा, एक विचारते. बादलीत उघडतात, समुद्रात मिटतात. खारट पाणी म्हणावं तर चष्मा असतोय. मग बादलीत काय न्हाय जे समुद्रात हाय?"

मला तिडीक आली. असले प्रश्न विचारायला हिला कुणी सांगितलं. मी म्हणालो, "बादलीत माणूस मावत न्हाय, पोरी."

मी पुढं बोलणार नव्हतो. पण ते वाक्य बाहेर पडल्यावर बाकीचं आत राहीना.

नदीत फक्त फुटबॉल अडकत नाहीत. माणसंही बुडतात. बचावपथकाची बोट दुसरीकडं गुंतलेली असली की घरची माणसं माझ्या दारात येतात. बायका पाय धरतात. मग मी जातो. अकरा जणांना वर काढलंय मी आजवर. पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो. थंडीचे दिवस, नदी नितळलेली, मी डोळे उघडे ठेवून गेलो होतो. आमच्याच गल्लीतला माणूस, दुधाच्या किटल्या धुवायला नदीवर गेलेला. आदल्या दिवशी त्यानं मला पाहून म्हटलं होतं, काय पैलवान. तो तळाला होता आणि त्याचे डोळे उघडे होते. माझ्याकडं होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो.

त्या दिवसापासून मी पाण्यात डोळे उघडले नाहीत. हातानं शोधतो. सदरा लागतो, केस लागतात, एकदा बांगड्या लागल्या. धरून वर आणतो, काठावरच्यांच्या हातात देतो आणि न बघता घरी जातो. सगळ्यांना सांगितलं, गाळ आहे, दिसत नाही. संयोगितालाही तेच सांगितलं. इतकी वर्षं ते सगळ्यांना पटलं, कारण गाळ खरंच आहे.

"मला भ्या वाटतंय," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि तेही लेकीच्या वयाच्या पोरीसमोर.

मला वाटलं, आता ती चार समजुतीच्या गोष्टी सांगेल. तिनं चहाचा कप बोटीबाहेर विसळला आणि म्हणाली, "उद्या सकाळी सात. लवकर या. नंतर गर्दी होती."

सव्विसाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच उतरलो. नांगराच्या दोरीला धरून मी खाली गेलो. कान दुखले तसं नाक दाबून फुंकलं, श्वास व्यवस्थित चालू, डोळे मिटलेले. गुडघ्याला वाळू लागली तसा बसलो. मनात म्हटलं, कृष्णाता, आता उघड. पापण्या हलल्या नाहीत. समोर कुणीतरी असणार हे मला माहीत होतं, आणि तीच तर अडचण होती. पाण्याच्या तळाशी, माझ्यासमोर, एक माणूस.

इतक्यात माझा हात कुणीतरी धरला. मी दचकलो. माझ्या कामात मी हात धरतो, माझा कुणी धरत नाही. तिनं माझा तळवा उघडला आणि स्वतःच्या तोंडातल्या नळीपाशी नेला. क्षणभर काही नाही. मग तळव्यावर बुडबुडे आले. भसाभसा, गुदगुल्या करत, बोटांतून निसटत वर गेले. थांबले. परत आले. थांबले. परत आले.

पाण्याखाली माझ्या हाताला आजवर सदरे लागले, केस लागले, बांगड्या लागल्या. श्वास कधी लागला नव्हता.

मी डोळे उघडले.

आधी नुसता निळा उजेड. मग चष्मा, आणि चष्म्यात दोन डोळे. ते माझ्याकडं बघत होते. मी जरा डावीकडं सरकलो, तर ते डावीकडं आले. मग तिनं पापण्या मिचकावल्या, एकदा, दोनदा, मुद्दाम, लहान बाळाला दाखवावं तसं. मी पण मिचकावल्या. तिच्या मागं एक पिवळा मासा उभा होता आणि तोही माझ्याकडंच बघत होता, पण मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

माझ्या चष्म्यात आतून पाणी साठायला लागलं. पवित्रानं खूण केली, चष्मा साफ करा. नाकातून हवा सोडून चष्म्यातलं पाणी बाहेर काढायचं, हा परीक्षेतला प्रश्नच असतो. मी साफ केला. परत भरला. परत साफ केला. तिसऱ्या वेळी तिनं मान वाकडी करून नीट बघितलं आणि तिला कळलं की हे पाणी समुद्राचं नाही.

तिच्याकडं पाण्यात लिहायची पाटी असते. तिनं त्यावर पेन्सिलीनं लिहिलं आणि माझ्यापुढं धरली. समुद्राच्या तळाशी मी आयुष्यात वाचलेली ती पहिली अक्षरं. "मामा पास. चला वर."

मग तिनं अंगठा वर केला. पाणबुड्यांत अंगठा म्हणजे वर चला. मी मान हलवली, नाही. तिनं माझ्या टाकीचा काटा बघितला आणि पुन्हा अंगठा दाखवला. मी तिच्याकडं बघत वाळूत तसाच बसून राहिलो. शेवटी तिनं माझं मनगट धरलं, जसं मी आजवर अकरा जणांचं धरलं, आणि मला वर काढलं.